मॅग्नेटमागचं सील

ज्योतीराम घोडकेची स्कूटर चिंचवड स्टेशनच्या अलीकडे बंद पडली, तेव्हा पहिल्या पाळीची कंपनीची बस मागूनच येत होती. त्याने गाडी कडेला घेतली, दोन-चार किका मारल्या, आणि बस जवळ आल्याचा आवाज ऐकून तो उगीचच खाली वाकून प्लगची टोपी चाचपू लागला. बसमध्ये त्याच्याच चाळीतली निम्मी माणसं होती. ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला. कंपनीचा माणूस रस्त्यात अडकलेला दिसला की त्याला उचलून घ्यायचं, अशी पद्धतच होती. मग आतून कुणीतरी काहीतरी बोललं असावं. बसने पुन्हा वेग घेतला आणि ती धुरळा उडवत आकुर्डीच्या दिशेने निघून गेली.

ज्योतीरामने प्लग काढून पाहिला. तेलाने बरबटलेला होता. तो पुसून बसवल्यावर गाडी कशीबशी चालू झाली, पण पिसाळल्यासारखी ओरडायला लागली. मूठ सोडली तरी आवाज खाली येईना. तशीच रेटत त्याने कंपनी गाठली आणि संध्याकाळी तशीच रेटत घरी आणली. घरासमोर उभी केल्यावर पाहतो तर इंजिनाच्या उजव्या अंगाखाली फरशीवर काळा ओघळ. त्याने बोट लावून वास घेतला आणि त्याला दुखणं कळलं. मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या जड चाकाच्या, मागचं ऑइल सील गेलं होतं. क्रँकचा दांडा इंजिनाच्या पोटातून जिथे बाहेर येतो, तिथे रबराचं एक कडं दांड्याला मिठी मारून बसलेलं असतं. ते झिजलं की आतलं तेल बाहेर येतं आणि बाहेरची हवा आत शिरते. मग गाडी कधी उधळते, कधी जागीच बसते.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, राहू दे चार दिवस, बसने जाईन. ज्योतीरामला मात्र बसने जाणं नको होतं. बस टाळण्यासाठीच तर त्याने ही जुनी स्कूटर घेतली होती.

आदल्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, कंपनीत संप झाला होता. संप लांबला. सगळे गेटबाहेर मांडव घालून बसले होते आणि ज्योतीरामही त्यांच्यात होता. घोषणा देत होता, पिठलं-भाकरीच्या पंगतीत वाढत होता. मग एके दिवशी सकाळी तो मांडवाकडे निघाला असताना संप फोडून कामावर जाणाऱ्यांना नेणारी, कंपनीची जाळी लावलेली गाडी त्याच्याजवळ थांबली. आत डोकं खाली घातलेली पाच-सहा माणसं होती. दार उघडलं, आणि ज्योतीराम चढला. का चढला, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं मोठं काही नव्हतंच. त्याच्या लहानपणी बार्शीच्या गिरणीत संप झाला होता. त्यात वडिलांची नोकरी गेली, आणि तो धडधाकट माणूस पुढची सगळी वर्षं घराच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारत राहिला. त्या सकाळी दार उघडलं तेव्हा ज्योतीरामच्या डोळ्यांसमोर तो उंबरा आला. एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संप मिटला. बहुतेकांना कामावर घेतलं, पण पुढारपण केलेल्या काही जणांना कंपनीने काढून टाकलं. त्यात सोपान होता. चिखलीचा सोपान म्हणजे ज्योतीरामबरोबर शिकाऊ म्हणून लागलेला, लग्नाआधी त्याच्याच खोलीत राहिलेला, त्याच्या मुलीच्या बारशाला पाळणा आणणारा सोपान.

संप मिटल्यावर पहिल्या दिवशी ज्योतीराम बसमध्ये बसला, तेव्हा शेजारचा माणूस उठून उभा राहिला. बस भरली, माणसं दांडीला लोंबकळली, तरी त्याच्या शेजारची जागा मोकळीच राहिली. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याने उत्तर तरी दिलं असतं. खात्यातही तेच. कामापुरतं बोलणं, तेही त्याच्याकडे न बघता. डबा तो मशिनपाशीच खायला लागला. महिनाभर त्याने बस सोसली आणि मग स्कूटर घेतली.

चाळीत तर त्याच्यापेक्षा कस्तुरालाच जास्त भोगावं लागलं. तो निदान दिवसभर मशिनच्या आवाजात असायचा. ती नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. संक्रांतीला तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिने स्वतः तिळगूळ करून दार उघडं ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत एकही बाई आली नाही. लेकीला शेजारच्या मुली खेळायला घेईनात. शेवटी ती लेकीला घेऊन बार्शीला माहेरी गेली ती राहिलीच. तो आणायला गेला तेव्हा ती चुलीपुढून न उठता म्हणाली, “मला तिथं उपाशी राहणं चालंल. मुकं राहणं जमायचं न्हाई.” तो एकटाच परत आला.

आता स्कूटर गळायला लागली म्हणून तो कोपऱ्यावरच्या किसन मिस्त्रीकडे गेला. किसन रिकामाच बसला होता, पुढे एकही गाडी नव्हती. पण त्याचा भाऊ काढून टाकलेल्यांत होता. “टाइम न्हाई,” तो म्हणाला आणि रस्त्याकडे बघत बसला. ज्योतीरामने पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून सील विकत आणलं. घरीच बदलायचं त्याने ठरवलं. आयुष्यभर मशिनवर हात चालवलेला माणूस. एवढं काम अवघड नव्हतं.

गुरुवारी या भागात कारखान्यांना सुट्टी. सकाळी चहा घेऊन त्याने घरासमोरच्या फरशीवर गोणपाट अंथरलं, परातीत रॉकेल ओतलं, पाने मांडले आणि कामाला लागला. उजव्या अंगाचा पत्रा काढला, पंख्यावरचं झाकण काढलं. आत सगळीकडे तेल आणि धूळ मिळून काळं लोणी झालं होतं. ते त्याने चमच्याने खरवडलं आणि ब्रशने धुतलं. मॅग्नेटचं जड चाक स्वच्छ झालं तशी त्याला जरा उभारी आली. वरच्या गॅलऱ्यांमधून बायका कपडे वाळत घालत होत्या, माणसं मिश्री लावत, दाढ्या करत उभी होती. एकेकाळी कुणी गाडी उघडली की सगळी चाळ भोवती जमायची. ज्याला काही कळत नाही तोही सल्ला द्यायचा. आज सगळे बघत होते, पण वरूनच.

चाकाचा नट सुटला. चाक मात्र सुटेना. निमुळत्या दांड्यावर ते वर्षानुवर्षं आवळून बसलेलं होतं. ते ओढून काढायला पुलर लागतो: चाकाच्या आट्यांत फिरवून बसवायचा आणि मधला बोल्ट आवळत न्यायचा, की चाक आपोआप बाहेर येतं. ज्योतीरामने लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने ठोकून पाहिलं. जास्त ठोकायची छाती होईना. दांडा वाकला तर सगळं इंजिन उतरवावं लागलं असतं.

पुलर कुणाकडे आहे हे त्याला ठाऊक होतं. बरोबर वर, पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या चिमाजी पवारकडे. चिमाजी त्याच्याच खात्यातला, वयाने मोठा. या क्षणी तो कठड्याला टेकून खालीच बघत होता. ज्योतीरामने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. ज्योतीरामने तोंड उघडलंही, पण तेवढ्यात चिमाजी टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला, आणि त्याच्या दाराचा पडदा हलत राहिला.

ज्योतीराम बराच वेळ गोणपाटावर बसून राहिला. मग त्याने हात धुतले, इंजिनावर पोतं झाकलं आणि तो चालायला लागला. पुलर असलेला आणखी एक माणूस त्याला माहीत होता.

कुदळवाडीवरून चिखलीला जाणारा रस्ता तेव्हा शेतांमधूनच जायचा. मधेच एखादी पत्र्याची शेड, तिच्यापुढे लोखंडाच्या कातणाचा ढीग, आणि पुन्हा कांद्याची शेतं. सगळ्या वाटभर तो काय बोलायचं ते जुळवत होता. आधी काम सांगावं की आधी ख्यालीखुशाली विचारावी? सोपानने हाकलून दिलं तर तसंच मागे फिरावं की बोलून घ्यावं? एकदा तर तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला, दहा पावलं चालला आणि पुन्हा वळला.

सोपानने घराच्या अंगणातच पत्रे ठोकून एक जुनं लेथ मशिन मांडलं होतं. तो मशिनवर वाकलेला होता. त्याची बायको सुमनताई ओसरीवर शेंगा फोडत होती, तिनेच आधी ज्योतीरामला पाहिलं. तिचे हात थांबले. सोपानने मान वर केली. मशिन बंद केलं. पट्टा फिरायचा थांबला.

“सोपानराव,” ज्योतीराम म्हणाला, “पुलर पाहिजे होता. मॅग्नेटचा. सील गेलंय गाडीचं.”

जुळवलेलं सगळं विसरून त्याच्या तोंडून एवढंच आलं.

“सोपानराव कधीपासनं झालो मी?” सोपान म्हणाला. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. त्याने फडक्याला हात पुसले आणि बाजेकडे बोट केलं. “बस.”

सुमनताईने पाणी आणलं. ज्योतीरामने तांब्या वर धरून पाणी प्यायलं आणि तांब्या मांडीवरच धरून ठेवला, जसं काही तो खाली ठेवला तर उठावं लागेल. सोपान समोरच्या दगडावर बसला. मग त्याने विचारायला सुरुवात केली, आणि ज्योतीरामला वाटलं होतं त्यातलं काहीच त्याने विचारलं नाही. ग्राइंडिंग खात्यातलं ते नवं मशिन नीट चालतंय का. कॅन्टीनचा आचारी तोच आहे का. पाटील साहेब निवृत्त झाले का. चिमाजीच्या थोरलीचं लग्न जमलं का.

“लग्न झालं की,” ज्योतीराम म्हणाला. “मागच्या मार्गशीर्षात.”

म्हणाला आणि त्याला कळलं की आपण चुकलो. चाळीतलं लग्न होतं. आपल्याला बोलावणं नव्हतं ते ठीकच होतं. पण सोपानलाही नव्हतं?

सोपान जमिनीकडे बघत गवताची काडी मोडत होता. “झालं व्हय,” तो म्हणाला. “बरं झालं.” मग थोड्या वेळाने सांगू लागला. काढून टाकल्यावर पहिले पंधरा दिवस माणसांची रीघ होती. हार घालून गेले, वर्गणी काढू म्हणाले. मग एकेक कमी झाला. कुणी सांगितलं की सोपानकडे जाणाऱ्यांची नावं साहेबांच्या कानावर जातात. खरं-खोटं देव जाणे. दिवाळीनंतर कुणीच फिरकलं नाही. गावात भावकी होती, शेत होतं, पोटापुरतं कामही मिळत होतं. पण मशिनची, खात्यातली, माणसांची गोष्ट करायला कुणी नव्हतं. चुलतभावाला तो लेथचं काही सांगायला लागला की चुलतभाऊ म्हशीला चारा टाकायला उठायचा.

“वरीस होत आलं,” सोपान म्हणाला. “चाळीतनं इथं आलेला पयला माणूस तू. तू!”

ते दुसरं ‘तू’ त्याने असं उच्चारलं की ज्योतीरामने मान खाली घातली. ज्यांनी सोपानच्या नावाने आपल्याशी बोलणं टाकलं होतं, ती माणसं सोपानकडेही गेली नव्हती. हे कळून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट त्या अंगणात बसल्या बसल्या त्याला जास्तच एकटं वाटलं.

“सोप्या,” तो म्हणाला, “मी त्या दिवशी गाडीत...”

“ते नगं,” सोपानने त्याला थांबवलं. “ते मला ऐकायचं न्हाई. ऐकलं तर मला काईतरी बोलावं लागंल, आन् माज्याकडं तसं काई बोलायला न्हाई. पुलर पायजे ना? पुलर ने.”

तो आत जाऊन पुलर घेऊन आला. देताना मात्र त्याने नेहमीसारखं नीट समजावलं. दांड्याला चाक जागेवर धरणाऱ्या चावीची खाच असते, तिची कड धारेची असते; नवं सील त्यावरून सरकवताना आधी ग्रीस लावलेला पातळ कागद गुंडाळायचा, नाहीतर रबराचा ओठ फाटतो. आणि ती अर्धगोल चावी हरवायची नाही. “सांजच्याला आणून दे,” तो म्हणाला. “मलाबी लागतो.”

ज्योतीराम घरी आला. पुलर बसवला, बोल्ट आवळला, आणि टक् आवाज करून चाक हातात आलं. मागची कॉइलची पट्टी काढण्याआधी त्याने तिच्या जागेची खूण केली. जुनं सील पेचकसाने अलगद उचकटून काढलं. त्याचा ओठ दगडासारखा कडक होऊन तडकला होता. हात काम करत होते, पण डोकं चिखलीतच होतं. ‘ऐकलं तर मला काईतरी बोलावं लागंल.’ म्हणजे काय? माफ केलं म्हणाला असता? की तोंड काळं कर म्हणाला असता? माणसाने निदान काहीतरी म्हणायला नको का? तो हे उलटसुलट करत राहिला आणि त्या भरात नवं सील दांड्यावर तसंच सरकवून पाइपाच्या तुकड्याने ठोकून बसवलं. सगळं जोडलं. किक मारली. गाडी चालू झाली, पण पुन्हा तीच उधळ. थोड्या वेळाने खाली बघतो तर तेलाचा थेंब.

कागद गुंडाळायचा राहून गेला होता.

पुन्हा उघडलं तेव्हा सीलच्या ओठावर नखाने ओढल्यासारखी चीर दिसली. गुरुवार, त्यामुळे दुकानंही बंद. तो पायरीवर बसला. वर कुणीतरी रेडिओ लावला होता, कुणाच्या तरी घरी मटण शिजत होतं. त्याला एकदम वाटलं की कुणीतरी वरून हसावं, ‘अरे येड्या, कागद नाही का लावायचा,’ असं ओरडावं. सगळी चाळ हसली असती तरी चाललं असतं.

पुढचे दिवस तो बसने गेला. शेजारची जागा मोकळीच राहिली. पाळी सुटल्यावर त्याने दुसरं सील आणलं, पण चिखलीला जाऊन पुलर परत करायचा धीर काही होईना. पहिलंच काम बिघडवलं हे सांगायचं कसं, म्हणून तो आज-उद्या करत राहिला.

पुढच्या गुरुवारी सकाळी तो पुन्हा गोणपाट अंथरून बसला होता, तेवढ्यात सोपान सायकलवरून चाळीत शिरला.

“पुलर खाल्लास का काय?” तो लांबूनच म्हणाला.

ज्योतीराम उठून उभा राहिला. त्याने चिरलेलं सील दाखवलं. सोपानने ते उजेडात धरलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काही बोलणार, तेवढ्यात वरून हाक आली. “सोपानराव! अरे, सोपानराव आलेत!” गॅलऱ्या भरल्या. जिन्यांवर पावलं वाजली. माणसं धावत खाली आली. चिमाजी तर अनवाणीच आला. कुणी सोपानचे हात धरले, कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, येणारच होतो रे आम्ही, पाळ्यांमुळे जमलं नाही. चिमाजीचे डोळे भरून आले होते. लग्नाला बोलावलं नाही, चूक झाली, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि सोपानला ओढतच वर घेऊन गेला. ती सगळी गर्दी ज्योतीरामच्या गोणपाटाला वळसा घालून गेली. एकाचा पाय परातीला लागला, रॉकेल सांडलं. त्या माणसाने थांबून परात सरळ केली, पण वर पाहिलं नाही.

ज्योतीराम कामाला लागला. चाक काढलं. दांडा पुसला. बिस्किटाच्या पुड्यातला पातळ कागद ग्रीस लावून खाचेवर गुंडाळला आणि त्यावरून सील बोटांनी अंगठीसारखं सरकवलं. वरून बोलण्याचा आवाज येत होता. सोपान कसली तरी नक्कल करत होता, बहुतेक पाटील साहेबांची, आणि सगळे खो-खो हसत होते. ती नक्कल ज्योतीरामला पाठ होती. जुन्या खोलीत ती सगळ्यात आधी त्यानेच ऐकली होती. पुढे साहेब चष्मा शोधतात आणि तो कपाळावरच असतो. तसंच झालं, आणि वर पुन्हा हशा पिकला. ज्योतीरामच्या ओठांवरही हसू आलं. ते त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. त्याने पाइपाचा तुकडा लावला आणि चारही बाजूंनी जपून ठोकत सील बसवलं.

“ज्योती,” वरून हाक आली. सोपान कठड्यावरून वाकला होता, हातात कपबशी. “चा घ्यायला वर ये.”

वरचं सगळं बोलणं थांबलं. ती शांतता ज्योतीरामला ओळखीची होती; नळावरून येऊन कस्तुरा हिचंच वर्णन करायची. त्याला जिना दिसत होता. वर जायचं, दारात उभं राहायचं, आणि कुणीतरी सरकून जागा करतं का ते बघायचं. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

“हात तेलाचे आहेत,” तो म्हणाला.

धुऊन ये, असं सोपान म्हणेल म्हणून तो क्षणभर थांबला. सोपान म्हणाला नाही. तो कठड्यावरून मागे झाला, आणि थोड्या वेळाने बोलणं पुन्हा सुरू झालं.

सगळे खाली उतरले तेव्हा गाडी जोडून झाली होती. “मार किक,” सोपान म्हणाला. ज्योतीरामने किक मारली. इंजिन पहिल्या किकेत चालू झालं आणि मूठ सोडताच आवाज खाली येऊन एका तालात ठरला. सोपानने मान तिरकी करून ऐकलं, वाकून खाली बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. “बसलं,” तो म्हणाला. त्याने पुलर पिशवीत टाकला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ज्योतीरामला म्हणाला, “येत जा चिखलीला.” घोळका त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेला. चिमाजी तेवढा मागे रेंगाळला, चालू इंजिनाकडे बघत उभा राहिला, त्याचा हात खिशातल्या तंबाखूच्या डबीकडे गेला. ज्योतीराम वाट बघत होता. चिमाजीने डबी काढली, स्वतःपुरती चिमूट घेतली आणि तोही घोळक्यामागे गेला.

घरात जायला ज्योतीरामचं मन होईना. गाडी दुरुस्त झाली होती आणि ते सांगायला कुणी नव्हतं. तो तसाच निघाला. भोसरीवरून नाशिक रस्त्याला लागला, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. इंजिन न कुरकुरता पळत होतं. कुरुळीच्या फाट्यावर झापाखाली चहाचं दुकान दिसलं, तिथे तो थांबला. दुकानवाला बबनराव म्हणून म्हातारा माणूस होता. त्याने चहा ठेवला आणि गाडीकडे बघत सहज विचारलं, “नवी घेतली जनू?”

“नाही, जुनीच. सील बदललं,” ज्योतीराम म्हणाला, आणि मग त्याच्याने थांबवेना. सील कसं असतं, कुठे बसतं, फाटलं तर काय होतं, मॅग्नेट कसं ओढावं लागतं, कागद गुंडाळायचा कसा राहिला, सगळं त्याने सांगितलं. बबनरावला त्यातलं काही कळलं नसावं, पण तो किटलीवर हात ठेवून ऐकत राहिला, आणि मधे मधे “आसं व्हय” म्हणत राहिला. शेवटी त्याने विचारलं, “आता बरी हाय न्हवं?”

“आता बरी आहे,” ज्योतीराम म्हणाला. त्याने दुसरा चहा मागितला.

बोलता बोलता बबनरावने सांगितलं की त्याच्या वाड्यालगतच्या दोन खोल्या मोकळ्या पडल्यात, कुणी कुटुंबवाला माणूस मिळाला तर बरं. ज्योतीरामने त्याच दिवशी खोल्या पाहिल्या. कंपनीपासून लांब होतं, पण गाडी आता भरवशाची होती. महिन्याच्या आत त्याने चाळ सोडली. सामान टेंपोत चढवताना गॅलऱ्यांमधून सगळे बघत होते.

चिखलीला तो दोन-तीनदा गेला. पण आता गुरुवारी सोपानच्या अंगणात चाळीतली माणसं बसलेली असायची, आणि हा गाडी लावून आत आला की एकेकाला घरची कामं आठवायची. सोपानचा चेहरा उतरायचा. मग ज्योतीरामनेच जाणं बंद केलं. इतक्या दिवसांनी सोपानला माणसं मिळाली होती. ती आपल्या पायी पुन्हा तुटायला नकोत, असं त्याला वाटलं. खात्यात तो डबा मशिनपाशीच खात राहिला.

कस्तुराला आणायला तो बार्शीला गेला तेव्हा तिने एवढंच विचारलं, “तिथं कुणी ओळखतं का आपल्याला?” कुणी नाही, म्हटल्यावर तिने लुगडी बांधली.

कुरुळीत पहिल्या संध्याकाळी बबनरावची सून पाणी भरायला आली आणि कुठल्या गावच्या तुम्ही, म्हणून तिने कस्तुराला विचारलं. कस्तुरा उंबऱ्यातच उभी राहून सांगायला लागली. बार्शीचं सांगितलं, माहेरचं सांगितलं, भावाच्या लग्नाचं, लेकीच्या कांजिण्यांचं. ती सून डोक्यावरचा हंडा खाली ठेवून बसलीच. आत तव्यावर भाकरी होती. ती करपल्याचा वास सुटला, धूर झाला. लेकीने आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर ज्योतीरामने तिला हातानेच गप्प केलं आणि स्वतः उठून भाकरी तव्यावरून काढली.

“बोलू दे तिला,” तो हळूच म्हणाला.